सायगॉनची ‘दोन भाऊ’ टूर: एका निवृत्त दप्तरवालीचा अभिप्राय

आधी पैशांचं सांगते, कारण व्हिएतनामहून आल्यापासून जो तो तेच विचारतोय. हो ची मिन्ह सिटीतली, म्हणजे जुन्या सायगॉनमधली, ही अर्ध्या दिवसाची टूर आम्हाला माणशी ९ लाखांना पडली. घाबरू नका, डोंग. आपले साधारण ३ हजार रुपये. त्यात सातसीटर गाडी, इंग्रजी बोलणारा गाईड, तिकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि जेवण. कंपनीचं नाव देणार नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि अशा टूर तिथे पन्नास जण विकतात. हॉटेलच्या काउंटरवर विचारलंत की मिळेल.

टूरचा विषय म्हणजे दक्षिण व्हिएतनामवर १९६३ पर्यंत राज्य करणारं न्गो घराणं. एक भाऊ न्गो दिन्ह दिएम, राष्ट्राध्यक्ष. दुसरा न्गो दिन्ह न्हू, म्हणजे गुप्त पोलीस, हेर, गुप्त पक्ष, सगळं याच्या मुठीत. नावांचे उच्चार करताना माझी बोबडी वळत होती. गाईड पोरगा हसला आणि त्याने म्हणून दाखवलं. ऐकते तर काय, ‘न्गो’ नव्हेच ते, ‘ङो’ आहे. आणि ‘न्हू’ नव्हे, ‘ञू’. बालभारतीत घोकलेले आणि जन्मात एकदाही स्वतंत्र न वापरलेले ङ आणि ञ, दोन्ही एकाच माणसाच्या नावात! बहीण म्हणाली, “ताई, तुझे फुकट गेलेले दोन मार्क परत आले.” तेव्हापासून आमच्यासाठी तो ञूच, इथेही तसंच लिहिते.

ही टूर का घेतली? आमचे थोरले काका लष्करात कारकून होते आणि १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाबरोबर सायगॉनला होते. व्हिएतनामचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर भारत, पोलंड आणि कॅनडा यांचा हा आयोग नेमला गेला, अध्यक्षपद भारताकडे. काका परत आले ते लाखकामाची एक काळी डबी आणि एक वाक्य घेऊन: “तिथे तोंड एका भावाचं आणि कान दुसऱ्याचे.” डबी अजून माझ्याकडे आहे, शिलाईच्या सुया ठेवते. त्या कानांची जागा बघायची होती, एवढंच.

पहिला थांबा स्वातंत्र्य राजवाडा. गाईडने गेटपाशीच जाहीर केलं की हाच दिएम आणि ञूचा वाडा, आणि खालचं तळघर त्यांचंच. चूक. ते दोघे या इमारतीत एक रात्रही राहिलेले नाहीत. त्यांचा वाडा म्हणजे याच जागेवरचा जुना फ्रेंच नोरोदोम राजवाडा. २७ फेब्रुवारी १९६२ ला त्यांच्याच हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी त्यावर बॉम्ब टाकले. एक बॉम्ब दिएम वाचत बसला होता त्याच खोलीत पडला आणि फुटलाच नाही. ञूच्या बायकोचा तळघराकडे पळताना हात मोडला. डावी बाजू इतकी ढासळली की दिएमने सगळाच वाडा पाडून नवा बांधायला घेतला. तो १९६६ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे भाऊ मारले गेल्यावर तीन वर्षांनी. तळघरातले टेलिफोन, नकाशे, रेडिओ यंत्रं बघण्यासारखी आहेत, पण ती नंतरचा राष्ट्राध्यक्ष थिएउ याच्या काळातली. हे सगळं आवारातल्या पिवळ्या बंगलीतल्या प्रदर्शनात सविस्तर मांडलंय, नोरोदोम ते स्वातंत्र्य राजवाडा, १८६८ ते १९६६. टूरमध्ये तिथे फक्त वीस मिनिटं देतात. मी भांडून चाळीस घेतली. तुम्हीही घ्या. वरचे मेजवानीचे दिवाणखाने आणि गच्चीवरचं हेलिकॉप्टर सोडलंत तरी चालेल.

त्या बंगलीतल्या फोटोंसमोर मी बराच वेळ उभी होते, आणि त्याचं कारण माझं पोट भरण्याच्या धंद्यात आहे. मी ३१ वर्षं पुण्याला पेशवे दप्तरात काढली. मोडी वाचणं हे काम. नाकाला रुमाल बांधून कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडायचे, धूळ झटकायची, अस्सल की नक्कल ते ठरवायचं. आणि हा ञू कोण? आमच्यातलाच! पॅरिसच्या एकोल दे शार्तमधून १९३८ मध्ये बाहेर पडलेला. ही संस्था जुन्या लिप्या वाचायला, कागदाचा खरेखोटेपणा तपासायला, दप्तर लावायला शिकवते. परत आल्यावर हनोईच्या अभिलेखागारात नोकरी, मग ह्युए या राजधानीत न्गुयेन बादशहांचे कागद नीट लावण्याच्या कामात पुढाकार. त्या कागदांना ‘चाउ बान’ म्हणतात. बादशहाचा शेरा शेंदरी शाईने मारलेला असायचा, म्हणून ते नाव. आज ते कागद युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत आहेत. आणखी गंमत ऐका. सप्टेंबर १९४५ मध्ये कम्युनिस्ट नेता हो ची मिन्हचं नवं सरकार आलं, तेव्हा गृहमंत्री व्हो न्गुयेन झ्यापने देशभरच्या अभिलेखागारांचा आणि ग्रंथालयांचा प्रमुख म्हणून नेमणूक कोणाची केली? याच ञूची. त्याच वर्षी त्याच्या थोरल्या भावाला, खोईला, कम्युनिस्टांनी मारलं. पुढचं वैर तिथून वाचायला लागतं.

गाईडला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मॅडम, तो अफूबाज होता, आणि बायको ड्रॅगन लेडी.” एवढ्यावर तीन हजार रुपये घेतात.

टूरमध्ये ञूबद्दल जे सांगत नाहीत ते इथे लिहिते, म्हणजे जाणाऱ्याला उपयोग होईल. त्याच्याकडे पोलीस खातं नव्हतं, गृहखातं नव्हतं, सैन्यातली हुद्देदारीही नव्हती. तो फक्त राष्ट्राध्यक्षांचा ‘राजकीय सल्लागार’. बायकापोरांसकट भावाच्या वाड्यात राहायचा. दिएमचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून पाहुण्यांसमोर यजमानीण म्हणून ञूची बायको त्रान ले शुआन. आम्ही कारकून मंडळी असा माणूस लगेच ओळखतो. आस्थापनेच्या तक्त्यात नाव नाही, पण एकही कागद त्याच्या टेबलाला वळसा घालून जात नाही. सगळ्या ठिकाणी पेरलेला जो गुप्त पक्ष त्याने उभा केला, त्याचं नाव कान लाओ. व्हिएतनामीत अर्थ कष्टकरी असा आहे, पण मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. कचेरीत, पलटणीत कान लावून बसलेले लोक साहेबाला डावलून थेट ञूला कळवायचे. गुप्त पोलिसांचा कारभार त्रान किम तुयेन नावाच्या एका डॉक्टरकडे होता, चणीने अगदी लहानखुरा माणूस, आणि खात्याचं नाव ‘राजकीय व सामाजिक संशोधन सेवा’. बाहेरून पाटी वाचली तर वाटावं आत प्रबंध लिहितात.

आता या शार्तवाल्याच्या देखरेखीखालचा एक कागद बघा. ऑक्टोबर १९५५ चं सार्वमत, बादशहा बाओ दाई की दिएम. दिएमला ९८.२ टक्के मतं. सायगॉन शहरात नोंदलेले मतदार साडेचार लाख, आणि दिएमच्या पारड्यात ६ लाख ५ हजार. आमच्याकडे एखाद्या कुलकर्ण्याने असा ताळेबंद पाठवला असता तर मामलेदाराने त्याला उन्हात उभा केला असता. खोटा कागद ओळखण्याचं शिक्षण ज्याने पॅरिसला घेतलं, त्याला बेरजेतली चूक दिसली नसेल? दिसली असणार. त्याला वाटलं असेल, तपासणार कोण?

दुसरा थांबा जिया लाँग राजवाडा, लि तू त्राँग रस्त्यावर. आता तिथे हो ची मिन्ह शहराचं संग्रहालय आहे. वाडा पडल्यावर सगळं कुटुंब इथे राहायला आलं. इमारत १८९० ची, खांबांची, रुंद जिन्याची, आणि आम्ही गेलो तेव्हा त्या जिन्यावर मोजून पाच नवऱ्यामुली पांढरे झगे पसरून फोटो काढत होत्या. कॅमेरेवाले एकमेकांच्या नवऱ्यामुली चौकटीतून हाकलत होते. बहीण तिथेच रमली, तिने दोघींना शुभेच्छाही दिल्या. याच घराखाली दिएमने जाड काँक्रिटचं भुयारी तळघर बांधून घेतलं होतं. टूरच्या पत्रकावर त्याचा मोठा फोटो आहे, ‘खाली उतरा’ असं लिहिलंय. उतरणं त्या दिवशी टूरमध्ये नव्हतंच, हे गाईडने तिथे पोचल्यावर सांगितलं. पत्रकावर छापता मग कशाला?

वाटेत नदीकाठच्या मे लिन्ह चौकातून गाडी गेली, थांबली नाही. इथे १९६२ मध्ये त्रान ले शुआनने त्रुंग बहिणींचा पुतळा उभारला होता. चिनी सत्तेविरुद्ध लढलेल्या दोन बहिणी, आपल्याकडे ताराराणींचा मान तसा त्यांचा. लोक म्हणायचे चेहरे बाईंच्या स्वतःच्या वळणावर घडवलेत. नोव्हेंबर १९६३ मध्ये जमावाने पुतळा ओढून पाडला. आज तिथे सेनापती त्रान हुंग दाओ उभा आहे.

तिसरा थांबा चौकातलं थिच क्वांग दुकचं स्मारक. टूरमधला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि गाईडही इथे वेगळाच माणूस झाला. मे १९६३ मध्ये ह्युएला कॅथलिक दिएमच्या सरकारने बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावायची बंदी घातली आणि गोळीबारात माणसं गेली. ११ जूनला या चौकात वृद्ध भिक्खू क्वांग दुक मांडी घालून बसले, अंगावर पेट्रोल ओतून घेतलं आणि काडी ओढली. ञूच्या बायकोने त्याला ‘बार्बेक्यू’ म्हटलं, ते जगभर छापून आलं. गाईडने हे सांगितलं, पण आवाज न चढवता. मग त्याने आमचे सगळ्यांचे मोबाईल खाली करायला लावले, दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मोटारसायकली मात्र जात होत्या.

तिथून शा लोई पागोडा, म्हणजे बौद्ध मंदिर, जवळच. २१ ऑगस्ट १९६३ च्या मध्यरात्रीनंतर ञूच्या हुकमतीतलं विशेष दल इथे घुसलं. देशभर चौदाशेच्या वर माणसं धरली. दलाचा प्रमुख कर्नल ले क्वांग तुंग. त्या लोकांनी अंगावर साध्या सैन्याचे गणवेश चढवले होते, म्हणजे दोष सेनापतींवर जावा. अमेरिकन दूतावासाच्या तारा तोडल्या होत्या. दोनतीन दिवस खरंच सगळे सेनापतींना शिव्या घालत होते. मग नक्कल उघडी पडली, आणि २४ ऑगस्टला वॉशिंग्टनहून राजदूत लॉजला तार आली की ञूला दूर करा, दिएम ऐकत नसेल तर त्याच्याशिवाय विचार करा. आणि गंमत म्हणजे पुढच्याच दिवशी एका समारंभात ञूची आणि आयोगातल्या पोलिश प्रतिनिधीची, मानेलीची, भेट झाली. ओळख करून देण्यात आयोगाचे भारतीय अध्यक्ष गोबर्धन यांचा हात होता. कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामशी परस्पर बोलणी करायचा ञूचा विचार होता म्हणतात. काकांचा आयोग असा गोष्टीत येतो. गाईडला हे ठाऊक नव्हतं, पण त्याने वहीत लिहून घेतलं. त्याचे गुण वाढवले.

जेवणाचं. शाकाहारी म्हणून आधी लिहून दिलं होतं. कंपनीने ठरवलेल्या खानावळीत नूडल्सचं भांडं आलं, वर पुदिना, शेंगदाणे, सगळं छान, आणि तळाशी माशाचं पाणी. वासावरून बहिणीने पकडलं. गाईड बिचारा ओशाळला, आम्हाला गल्लीतल्या दुसऱ्या टपरीवर घेऊन गेला आणि स्वतःच्या खिशातून पैसे दिले. शब्द पाठ करून जा: ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. चहा नव्हे. मी सकाळपासून तीनदा चाय मागितला होता आणि तिन्ही वेळा लोक मला टोफू दाखवत होते. कॉफी मात्र बर्फ आणि घट्ट दूध घातलेली, त्याला तोड नाही.

मग चोलोन, चिनी वस्ती, आणि चा ताम चर्च. इथे शेवट होतो, पण त्याआधीचं गाईडने दोन वाक्यांत उरकलं, म्हणून मीच सांगते. १९६३ च्या ऑक्टोबरात ञूला सेनापतींच्या कटाचा सुगावा लागला होता. त्याने काय करावं? त्याने एक खोटं बंड रचलं, नाव ब्राव्हो. आपलीच माणसं बंड केल्यासारखं दाखवतील, गोंधळात शत्रू सापडतील, मग दुसऱ्या टप्प्यात आपण विजयी होऊन परत येऊ. ही कामगिरी सोपवली सायगॉनच्या आसपासचं सैन्य ज्याच्या हाती त्या तोन थात दिन्हवर. दिन्ह तेव्हा आधीच सेनापतींना फितूर झालेला. त्याला मंत्रिपद हवं होतं, दिएमने दिलं नाही. सेनापतींनी ज्योतिषाला पैसे चारून त्याच्या कानात भरवलं असंही सांगतात. १ नोव्हेंबरला दुपारी गोळीबार सुरू झाला तेव्हा ञू निवांत होता. हे आपलंच नाटक, अशी त्याची समजूत. तोवर ले क्वांग तुंगला जेवणाच्या बैठकीला बोलावून अडकवलं होतं, पिस्तुल दाखवून त्याच्याच तोंडून विशेष दलाला शस्त्रं टाकायला लावली, आणि संध्याकाळी त्याला गोळी घातली.

डॉक्टर तुयेनचं सांगायचं राहिलं. तोही त्याच वर्षी कट रचायला लागला होता. आणि घराण्याचा लाडका अधिकारी फाम न्गोक थाओ, ज्याच्यावर खेडी तटबंद करण्याची ञूची योजना राबवायचा भरवसा टाकला, तो तर उत्तरेचा हेर निघाला. एवढे कान, एवढे रुमाल, आणि ज्यांच्या हातून कागद यायचे ते हातच बदललेले. दप्तरात आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे, मजकुराआधी बघ कागद कोणाच्या घरून आलाय.

त्या रात्री दोघे भाऊ वाड्यातून निसटले आणि चोलोनमधल्या मा तुयेन नावाच्या चिनी व्यापाऱ्याकडे गेले. त्या घरचा टेलिफोन वाड्याशी जोडलेला होता, त्यामुळे सेनापतींना वाटत राहिलं की ते वाड्यातूनच बोलतायत. ञूच्या कसबातली ही शेवटची युक्ती. पहाटे रिकामा वाडा सेनापतींच्या हाती पडला. सकाळी भाऊ या चर्चमध्ये आले. २ नोव्हेंबर, कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस.

चर्च लहान आहे, आत गारवा. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, बहिणीचे पाय सुजलेले, ती मागच्या एका बाकावर मटकन बसली आणि चपला काढल्या. गाईड काहीच बोलला नाही. मी पाठीमागून बघितलं तर बाकावर छोटी पट्टी ठोकलेली. भाऊ बसले होते ते बाक. बहिणीला सांगितलं तर ती उठली नाही. म्हणाली, “ताई, त्यांनाही पाय दुखत असतील ना गं.”

इथून त्यांना चिलखती गाडीत घातलं, हात मागे बांधून. वाटेतच मारलं. सेनापती दुआँग व्हान मिन्हचा अंगरक्षक न्गुयेन व्हान न्हुंग गाडीत होता. सरकारी निवेदन आधी आत्महत्येचं. हाच मिन्ह ३० एप्रिल १९७५ ला, रणगाडे फाटक तोडून आत आले तेव्हा, नव्या राजवाड्यात शेवटचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शरणागती द्यायला बसलेला होता. सकाळच्या पहिल्या थांब्यावर गाईडने हे नाव घेतलं होतं, पण जोडून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

भावांची थडगी शहराबाहेर लाय थिएउला आहेत, टूर तिथे जात नाही. बरीच वर्षं त्यांवर घराण्याचं नाव नव्हतं. एकावर ‘हुइन्ह’, थोरला. दुसऱ्यावर ‘दे’, धाकटा. हे मात्र गाईडने परतीच्या वाटेवर, रस्त्यातल्या गर्दीत अडकलेलो असताना, मी न विचारता सांगितलं.

बहिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर एकच मागणी चालू होती, हो ची मिन्हच्या समाधीवर शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे त्याचा फोटो पाठवा. असा अस्सल कागद कोणी दाखवत नाही तोवर मला विचारू नका. आणि ती समाधी हनोईला आहे.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. जागांना साडेचार, माहितीला अडीच, जेवणाला शून्य, टपरीला पाच. अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस असता तर बरं झालं असतं. टोपी, छत्री, आणि ङ-ञ येत असतील तर उत्तम.

हॉटेलवर सोडताना गाईडने अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला. माझं नाव, खोली क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, मग गाईडचं नाव, आणि खाली: गाईडने चुकीची माहिती दिली का, कंपनीबद्दल काही बोलला का. तो बाजूला उभा राहून मोबाईल बघत असल्यासारखं करत होता.

लिफ्टमध्ये बहिणीने विचारलं, “काय लिहिलंस त्याच्याबद्दल?”

“वेळेवर आला.”